पाचव्या माळेची सुई

ऐंशीनंतरची ती वर्षं. रत्नागिरीत खाडीकडच्या अंगाला आमचं कौलारू घर होतं आणि त्यात आम्ही दोघंच राहत होतो, मी आणि माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणत असे. सासूबाई माझं लग्न व्हायच्या आधीच गेलेल्या. हे बोटीवर. ‘नवरा बोटीवर असतो’ एवढं सांगितलं की रत्नागिरीत पुढे कुणी काही विचारत नाही; लोक मान डोलावतात आणि पुढच्या खेपेला परदेशी साबण मिळेल का ते बघतात. दहा महिने समुद्र आणि दोन महिने घर, असा तो संसार. त्या दोन महिन्यांतले निम्मे दिवस भेटायला येणाऱ्यांचे आणि उरलेले ह्यांच्या झोपेचे.

मी घाटावरची, कऱ्हाडकडची. इथे आले तेव्हा बांगडा आणि सौंदाळा यांतला फरक मला कळत नव्हता आणि मासेवाल्या बायका माझं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावत. ते मी चालवून घेतलं. घरातली शांतता मात्र मला सोसली नाही. मामंजी तरुणपणी गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. वाऱ्यापावसात माणसांवर ओरडून ओरडून त्यांचा बोलण्याचा साठा संपला असावा, असं मी मनाशी म्हणत असे. सकाळी ‘चाय’, दुपारी ‘वाढ’, संध्याकाळी ‘दिवा लाव’, एवढ्यावर त्यांचा दिवस निघे. संध्याकाळी दिवा लावून मी मागच्या पडवीत बसायची आणि मला रडू यायचं. कशाचं ते सांगता आलं नसतं. कुणी विचारतही नव्हतं, त्यामुळे सांगायची वेळ आली नाही.

त्या वर्षी गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल, ह्यांच्याबरोबर काम केलेला जयगडचा एक खलाशी रजेवर आला आणि ह्यांनी दिलेलं पार्सल घरी पोचवून गेला. आत एक तपकिरी, जाडजूड बाटली होती आणि पत्र. पत्रात लिहिलं होतं की, बोटीवर सगळ्यांना फ्ल्यूचं इंजेक्शन दिलं. तिकडे थंडी सुरू व्हायच्या आधी ते देतात. तिकडचे डॉक्टर म्हणतात, म्हाताऱ्या माणसांनी आणि छाती कमजोर असणाऱ्यांनी तर ते घ्यावंच. बाबांना दर थंडीत खोकला होतो, तर आपल्या डॉक्टरांना विचारून त्यांना ते दे. सोबत व्हिटॅमिनच्या गोळ्या पाठवतो आहे, बाबांना रोज एक. शेवटी माझ्यासाठी ओळ होती : तू त्यांच्याकडे बघतेस म्हणून मी निर्धास्त आहे.

मी पत्र उलटून मागची बाजूही पाहिली. मागे काही नव्हतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या हे मी कबूल करते. त्या पावसाळ्यात मला उठता-बसता चक्कर येत होती, विहिरीवरून हंडा आणताना मध्ये कुंपणाच्या दगडी गडग्याला टेकून उभं राहावं लागे. पण बोटीवरच्या माणसाला आजारपण कळवायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. तो तिथून येऊ शकत नाही, मग उगाच जिवाला घोर कशाला. म्हणून मी दर पत्रात सगळं उत्तम असल्याचं लिहीत असे आणि ते तसं समजून चालत. त्यांचा दोष काहीच नव्हता. तरी मी दोन दिवस रागावून होते.

गोळ्यांचं काय करायचं ते मामंजींनी स्वतःच ठरवलं. त्यांनी बाटली ओटीवरच्या फळीवर ठेवली आणि आल्यागेल्याला पानाच्या डब्यासारखी पुढे करू लागले. ‘घ्या, बोटीवरची गोळी हाय. ताकद येता.’ पोस्टमननं खाल्ली, गळकी कौलं बदलायला आलेल्यांनी खाल्ली, समोरच्या घरातल्या आजोबांनी तर एकदम दोन खाल्ल्या आणि आपले गुडघे हलके झाले असं सांगत दारोदार फिरले. मामंजी स्वतः मात्र हात लावत नव्हते. ह्यांनी बजावलंय असं मी पुन्हा पुन्हा म्हटलं, तेव्हा एका सकाळी वैतागून त्यांनी एक गोळी चहाबरोबर गिळली.

दुसऱ्या दिवशी ते परसातून परत आले ते चेहरा पाडून. ओटीवर बसले आणि म्हणाले, ‘कावीळ झाली मला.’

‘कशावरून?’

‘लघवी पिवळी जर्द होता. हळद कालवल्यासारखी.’ मग बाटलीकडे बोट करून म्हणाले, ‘तुझ्या नवऱ्यान धाडलान मरण.’

मला हसावं की घाबरावं कळेना. ते काविळीवर माळ घालणाऱ्या वैदूकडे निघाले होते, त्यांना मी कसंबसं रिक्षात घालून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डोळे पाहिले, नखं पाहिली, बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि खो खो हसले. ‘तांडेल, कावीळ नाही. ह्या गोळीनं असा रंग येतो. अंगाला लागेल तेवढं राहतं, बाकीचं बाहेर जातं.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘ताजे मासे, कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी पोटात जाते ना? मग ह्यांना ह्या गोळ्या नसल्या तरी चालेल. वहिनी, तुम्ही मात्र जरा खालची पापणी ओढा बघू.’ त्यांनी माझी पापणी पाहिली, चक्कर येते का विचारलं, जेवता का नीट ते विचारलं, आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मी नको नको म्हणत होते. खरं तर त्या दोन मिनिटांसाठी मी कितीही वेळ त्या बाकावर बसले असते.

तिथेच मी पत्रातली इंजेक्शनची गोष्ट काढली. डॉक्टर म्हणाले, ही लस इथे कुणी ठेवत नाही, कुणी मागतही नाही. शिवाय ती दर वर्षी वेगळी बनवतात, गेल्या वर्षीची ह्या वर्षी चालत नाही. पण तांडेलांची छाती बघता घेतली तर बरंच. मुंबईत त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर बोटीवर जाणाऱ्यांची तपासणी करत, त्यांच्याकडे चौकशी करतो म्हणाले. मी दोन सांगितल्या, एक मामंजींना आणि एक मला. माझी सांगताना मी अडखळले, जशी काही चैनीची वस्तू मागत होते.

आठवड्याभरानं निरोप आला की लस आली आहे, उद्या सकाळी या. नवरात्र चालू होतं आणि दुसऱ्या दिवशी पाचवी माळ होती.

त्या सकाळचं सांगायला हवं. आमच्याकडे घटावर रोज फुलांची माळ बांधतात. फुलं मी आदल्या संध्याकाळी आणून ठेवली होती, पण सकाळी मला चक्कर आली आणि मी पडवीत आडवी झाले. मामंजी आंघोळ करून देवाजवळ आले तेव्हा माळ अर्धीच झाली होती. त्यांनी माळेकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘घरात माणूस नाय म्हणतात ता असा.’

मी उठून पुन्हा तिथेच येऊन बसले होते. हातात सुई होती, मांडीवर झेंडू होते. तीन वर्षं मी त्या माणसाची चहाची वेळ चुकवली नव्हती. त्यांनी बहुधा रागाने म्हटलंही नसेल; गेलेल्या बायकोची आठवण झाली असेल, मुलाची झाली असेल. आज मला हे सुचतं. तेव्हा मी माळ पुरी केली आणि रिक्षा बोलवायला गेले.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी बर्फाच्या डब्यातून छोटीशी बाटली काढून दाखवली. दोन मागवल्या होत्या, एकच मिळाली. ‘आजच द्यायला हवी,’ ते म्हणाले. ‘फ्रिजचं काही खरं नाही. लाईट किती वेळ जातात ते तुम्हाला माहीतच आहे.’ मामंजींनी बाही वर केली होती. त्यांचा दंड अजून चांगला भरलेला होता. डॉक्टरांनी सुई भरायला घेतली आणि मध्येच थांबून विचारलं, ‘तांडेल, अंडं चालतं का तुम्हाला?’

‘नाय चालत,’ मामंजी म्हणाले.

‘कधीपासून?’

‘पयल्यापासून. आमच्याकडे नायच चालत.’

‘आणि खाल्लं तर काय होतं?’

‘खायाचा कशाला?’ मामंजी चिडले. ‘बरा नाय होत ता. माझ्या भावान एकदा खाल्लान, तो आठ दिवस आंथरुणाला.’

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. ‘मग नको बाबा. ही लस अंड्यात वाढवतात. ज्याला अंडं बाधतं त्याला दिली तर अंगावर येईल. घराण्यातच आहे म्हणजे जोखीम नको.’

हे ऐकताक्षणी मला कळलं होतं. हे मी लपवणार नाही. मामंजी नवरात्राचं सांगत होते. आमच्या घरात नवरात्रात मासे, अंडी, काही शिजत नाही, आणि कुणी शिजवून खाल्लं तर देवी बरं करत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. त्यांच्या भावानं एका नवरात्रात बाहेर आम्लेट खाल्लं आणि तो तापानं पडला, ही गोष्ट त्यांनी मलाही ऐकवली होती. घट बसायच्या आदल्या दिवशीच त्यांनी माझ्या हातचा अंड्याचा रस्सा दोनदा मागून घेतला होता. डॉक्टर प्रकृतीचं विचारत होते आणि हे देवाचं सांगत होते. ‘चालतं’ हा शब्द दोघांचाही होता, एवढंच. मी एक वाक्य बोलायचं होतं.

मी तोंड उघडलंही. तेवढ्यात डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, ‘वहिनी, तुम्हाला चालतं ना अंडं? मग तुम्ही घ्या. वाया जाण्यापेक्षा बरी. तशाही तुम्ही अशक्त आहात.’

मी म्हटलं, ‘चालतं.’ आणि पदर सारून दंड पुढे केला.

का, ते मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला विचारलं. सकाळचं ते वाक्य डोक्यात होतं हे खरं. पण फक्त राग नव्हता. कुणीतरी माझ्यासाठी काहीतरी मुंबईहून बर्फात घालून आणलं आहे, असा त्या क्षणी मला भास झाला, आणि तो मला सोडवेना. ती वस्तू माझी नव्हती, ती दुसऱ्याच्या दंडासाठी आली होती, हे मला पुरतं ठाऊक होतं.

घरी जाताना मामंजी खुशीत होते. सुई चुकली म्हणून शाळेतून सुटलेल्या पोरासारखे रिक्षातून बाहेर बघत होते. बाजारात त्यांनी रिक्षा थांबवली आणि आपण होऊन माझ्यासाठी अबोलीचा वळेसर घेतला. ‘माझ्या वाटची तू घेतलीस,’ ते म्हणाले. ‘बरा झाला.’ तीन वर्षांत त्यांनी मला काही घेऊन दिल्याचं मला आठवत नाही. मी तो वळेसर केसांत माळला नाही, देवीला घातला.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी अंड्याचा रस्सा करायला सांगितला. मी केला. ते जेवताना मी समोर बसून होते आणि मनाशी म्हणत होते, उद्या डॉक्टरांकडे जाऊन सांगायचं, पुन्हा एक मागवायला लावायची. उद्या जमलं नाही. मग दिवाळीची साफसफाई आली, मग दिवाळी आली. मग वाटलं, आता एवढ्या दिवसांनी काय तोंडानं सांगायचं. न सांगितलेली गोष्ट जितकी जुनी होते तितकी ती सांगायला जड होते, हा शोध मला त्या दिवाळीत लागला.

पौषात आमच्या आळीत साथ आली. ताप, अंगदुखी, खोकला. मुंबईहून कुणी घेऊन आलं म्हणत. घरोघरी लोक पडले आणि चार-सहा दिवसांत उठलेही. मामंजी पडले ते उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या छातीतून आवाज यायला लागला. डॉक्टर घरी आले, न्यूमोनिया म्हणाले, सरकारी इस्पितळात हलवायला सांगितलं. मी त्यांच्या खाटेजवळ बसून होते. मला साधी शिंकही आली नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, तुमची प्रकृती चांगली आहे हो, नाहीतर सेवा करणारं माणूसच आधी आडवं होतं. मी उठून व्हरांड्यात गेले.

शेवटच्या सकाळी त्यांना ग्लानी होती. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘आलास?’

मी म्हटलं, ‘आलो.’

‘बोट कुठं लागली?’

‘जयगडला,’ मी म्हटलं. ते ऐकून त्यांनी डोळे मिटले. तासाभरानं गेले.

अग्नी द्यायला मालगुंडहून चुलत दीर आले. ह्यांना कंपनीमार्फत तार केली, तिचं उत्तर सहा दिवसांनी आलं : बोट मध्य समुद्रात आहे, येणं शक्य नाही, सगळं नीट कर. सगळं झालेलं होतं. दिवसकार्य झाल्यावर डॉक्टर भेटायला आले. म्हणाले, ‘ते अंड्याचं नसतं तर लस दिली असती त्यांना. अर्थात दिली असती तरी वाचले असते असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही.’ मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. तिथेही मी बोलले नाही.

मग मी त्या घरात एकटी राहिले. ‘चाय’, ‘वाढ’ आणि ‘दिवा लाव’ हे तीन शब्द गेले तेव्हा मला कळलं की तेवढ्यावर माझाही दिवस चालत होता. सकाळी मी सवयीनं दोन कप आधण ठेवायची. एक कप पिऊन झाला की दुसरा पातेल्यात काळा पडेपर्यंत तसाच राहायचा. रागवायलाही कुणी उरलं नव्हतं. माझी दुसरी सगळी माणसं घाट चढून गेल्यावर होती, आणि त्यांना तरी काय सांगणार होते?

हे मे महिन्यात आले. पिशव्या उतरवल्या, ओटीवर मामंजींच्या जागेकडे पाहिलं आणि तिथे न बसता खाली पायरीवर बसले. मी पाणी आणून दिलं. पाणी न पिता त्यांनी विचारलं, ‘इंजेक्शन दिलं होतंस ना बाबांना?’

मला वाटलं होतं, आधी काहीतरी बोलतील, मी रडेन, आणि रडण्यात सगळं सांगून टाकेन. हा प्रश्न असा सरळ येईल असं धरलंच नव्हतं.

‘हो,’ मी म्हटलं.

त्यांचे खांदे सैल झाले. ‘म्हणजे आपण करायचं ते केलं,’ ते म्हणाले, आणि सगळं पाणी एका दमात प्यायले. त्या रजेत त्यांना गाढ झोप लागत होती. मी शेजारी जागी असे. इतकी वर्षं मला वाटायचं की नवरा घरी नाही म्हणून मी एकटी आहे. तो हाताच्या अंतरावर असताना त्याहून जास्त एकटं वाटू शकतं हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

पावसात ते पुन्हा गेले. ऑक्टोबरात पत्र आलं. हवा, बंदरं, जेवण, सगळं नेहमीचं. मग मधेच चार ओळी : ‘या वेळी फ्ल्यूचं इंजेक्शन मी घेतलं नाही. बाबांना देऊन तरी काय उपयोग झाला? आमच्यातल्या चौघांनाही मी तेच सांगितलं, त्यांनीही घेतलं नाही. एक जण दमेकरी आहे, तो घ्यायचं म्हणत होता, त्याला मी बाबांचं उदाहरण दिलं.’

मी उभ्यानं पत्र वाचत होते, ती खाली बसले. माझं खोटं आगबोटीत चढून तिकडे पोचलं होतं आणि माणसांना सल्ले देत फिरत होतं. मी त्या दमेकऱ्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याचीही कुठेतरी बायको असणार, आणि ती कुणाच्या तरी पत्राची वाट बघत असणार. आजवर मी माझ्यापुरती गप्प होते. आता गप्प राहिले तर ते दुसऱ्या कुणाच्या छातीत जाऊन बसणार होतं.

मी तीन कागद फाडले. पहिल्यात मी फार रडले होते, दुसऱ्यात मामंजींची चूक जास्त दिसत होती, तिसऱ्यात माझी चक्कर. चौथा साधा लिहिला. इंजेक्शन बाबांना दिलं नाही, मला दिलं. डॉक्टरांचा गैरसमज झाला, तो मला तिथल्या तिथे कळला, आणि मी बोलले नाही. मे महिन्यात तुम्हाला खोटं सांगितलं. इंजेक्शनचा उपयोग झाला नाही असं समजू नका. मला ते मिळालं होतं आणि साथीत मला काही झालं नाही. तुम्ही घ्या, त्या दमेकऱ्याला घ्यायला लावा. पत्र कंपनीच्या पत्त्यावर पाठवायचं असे, तिथून ते पुढच्या बंदरावर जाई. पेटीत टाकल्यावर ते आतल्या पत्रांवर पडल्याचा आवाज आला आणि मला वाटलं, आता हा संसार संपला.

पुढची दोन पत्रं मी ते लिहायच्या आधीची निघाली. ती वाचतानाही माझा जीव टांगणीला लागे. मग एक महिना काहीच आलं नाही. सकाळी पोस्टमन गडग्यापाशी सायकल न थांबवता पुढे गेला की दुपारपर्यंत मला काही सुचत नसे. पौष अर्धा झाल्यावर एक आंतरदेशीय आलं. ह्यांनी कुणा घरी येणाऱ्याच्या हाती देऊन ते मुंबईत टाकायला लावलं होतं. आत एकच ओळ : ‘इंजेक्शन घेतलं, त्यानंही घेतलं. बाकी आल्यावर.’

त्या शेवटच्या दोन शब्दांवर मी चार महिने काढले. त्यांचे किती अर्थ होतात ते मी तुम्हाला सांगू शकते. कऱ्हाडला जायची माझी पेटीही मी भरून ठेवली होती. निघायला सांगतील तेव्हा शोधाशोध नको.

हे आले ते टळटळीत दुपारी. आंघोळ केली, जेवले, माझ्या हातचं सगळं खाल्लं, पण वर पाहिलं नाही. जेवण झाल्यावर मागच्या पडवीत येऊन माझ्यासमोर बसले. मी फणसाचे गरे काढत होते, हाताला चीक लागला होता.

‘सांग,’ ते म्हणाले.

‘लिहिलं होतं ना.’

‘लिहिलेलं वाचलं. तू सांग.’

मी सांगितलं. माळ सांगितली, मामंजी काय म्हणाले ते सांगितलं, विहिरीवरची चक्कर सांगितली, जी त्यांना कधी लिहिली नव्हती. रिक्षा, वळेसर, दसऱ्यानंतरचा रस्सा. इस्पितळात त्यांनी मला कोण समजून हाक मारली आणि मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. तिथे ह्यांनी तोंड फिरवलं आणि माडांकडे बघू लागले. मी थांबले. मला क्षमा मागायची होती, पण ती कुणाची मागायची तो माणूस तिथे नव्हता, आणि जो होता त्याच्याकडे मागायला जीभ उचलेना. विळीवरचा गरा सुकत चालला होता.

मग ते वळले. माझ्या चेहऱ्याकडे न बघता त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

‘दंड दुखला होता का तुझा?’ त्यांनी विचारलं.

‘दोन दिवस,’ मी म्हटलं. ‘त्या कुशीवर झोपता येत नव्हतं.’